तिसरं मत वाया कोण घालवतं?

२०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि निकालानंतर आपलं मत नेमकं कोणाच्या पदरात पडणार हे मतदान करून बाहेर आलेल्यालाही छातीठोकपणे सांगता येईना. तेव्हापासून आपल्याकडे एक उपाय हिरिरीनं सुचवला जातो: अमेरिकेसारखे दोनच पक्ष असावेत. इकडचा नाही तर तिकडचा. मधल्यामध्ये कुंपणावरच्यांची दुकानदारी नको.

यावर कोणी म्हटलं, की खुद्द अमेरिकन माणूसच या दोन पक्षांना विटला आहे, तर उत्तर तयार असतं. ‘एवढा वीट आला असेल तर तिसऱ्याला मत द्या ना! कोणी हात धरलाय? दर चार वर्षांनी त्याच दोघांतून एकाला निवडून देतात, याचा अर्थ त्यांना तेच हवेत. बाकी नुसती कुरकुर.’ याला जोडून आणखी दोन मुद्दे येतात: दोनच पक्ष असले की दोघांनाही मधल्या मतदाराची मनधरणी करावी लागते, म्हणून टोकाचं राजकारण आपोआप मवाळ होतं, आणि सरकार स्थिर राहतं. हे तिन्ही मुद्दे सुशिक्षित माणसं मनापासून मांडतात, म्हणूनच त्यांचा नीट समाचार घ्यायला हवा.

आधी कुरकुरीचं वजन पाहू. गॅलप ही संस्था २००३ पासून अमेरिकन लोकांना विचारते आहे, की हे दोन पक्ष पुरेसे आहेत की तिसऱ्या मोठ्या पक्षाची गरज आहे. २०२३ मध्ये ६३ टक्के लोकांनी तिसरा हवा असं सांगितलं. त्याच वर्षी प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत २८ टक्के लोकांचं दोन्ही पक्षांबद्दलचं मत प्रतिकूल निघालं. १९९४ मध्ये हे प्रमाण ६ टक्के होतं. चार माणसांतल्या एकाला दोन्ही दुकानांतला माल नको आहे. मग तो तिसरीकडे का जात नाही?

जाऊन पाहिलं आहे त्यानं. १९९२ मध्ये टेक्ससचे अब्जाधीश रॉस पेरो अपक्ष उभे राहिले. जूनमधल्या काही जनमत चाचण्यांत ते बुश आणि क्लिंटन या दोघांच्याही पुढे होते. जुलैत त्यांनी माघार घेतली, ऑक्टोबरात पुन्हा मैदानात उतरले. इतका घोळ घालूनही त्यांना १ कोटी ९७ लाखांहून जास्त मतं पडली, म्हणजे १८.९ टक्के, जवळजवळ पाचातला एक मतदार. अध्यक्ष ज्या इलेक्टोरल कॉलेजातून निवडला जातो, त्यातल्या ५३८ मतांपैकी पेरोंच्या वाट्याला किती आली? शून्य.

आता त्याआधी २४ वर्षं मागं जाऊ. १९६८ मध्ये अलाबामाचे जॉर्ज वॉलेस तिसरे उमेदवार होते. वंशभेदाचं उघड समर्थन ही त्यांची ओळख. त्यांना देशभरात साडेतेरा टक्के मतं मिळाली, पेरोंपेक्षा बरीच कमी. पण ती दक्षिणेत एकवटलेली होती, म्हणून पाच राज्यं जिंकून त्यांनी ४५ इलेक्टोरल मतं मिळवली. जवळपास सगळ्या राज्यांत ज्याला सर्वाधिक मतं त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं, असा नियम आहे. दुसरा आला काय आणि दहावा आला काय, हिशेब एकच. त्यामुळं देशभर पसरलेल्या सौम्य असंतोषाला ही पद्धत भोपळा देते आणि एका पट्ट्यात साचलेल्या कडव्या रागाला बक्षीस. ‘लोकांना हवं ते लोकांना मिळतं’ म्हणणाऱ्यांनी ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

मतदार यातून काय शिकला, ते २००० साली फ्लोरिडात दिसलं. तिथं जॉर्ज बुश ५३७ मतांनी जिंकले आणि त्या राज्याच्या जोरावर अध्यक्ष झाले. ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना त्याच राज्यात ९७,४८८ मतं होती. नेडरना मत देणाऱ्यांपैकी अनेकांना बुश नकोच होते, आणि नेमके तेच त्यांच्या डोक्यावर बसले. आपल्याला हे नवं नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडमध्ये अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखाहून जास्त मतं मिळाली, तेव्हा ‘वंचितनं मतं खाल्ली’ हे वाक्य गल्लीबोळांत ऐकू आलं होतं. मतं खाल्ली म्हणणं हीच मुळात तक्रार उलटी करण्याची युक्ती आहे. ज्यानं आपल्या मनासारख्या उमेदवाराला मत दिलं तो गुन्हेगार ठरतो, आणि मताची अशी माती करणारा नियम सहीसलामत सुटतो. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्येच मांडलं होतं, की एका मतदारसंघातून एकच माणूस निवडायचा आणि सर्वांत जास्त मतं पडली की तो जिंकला, अशी पद्धत असली की राजकारण दोन पक्षांकडे कलतं. मतदार भित्रा असतो म्हणून हे घडत नाही. तो हिशेबी असतो म्हणून घडतं.

इथं एक रास्त शंका निघेल: नियम भारतातही तोच आहे, मग आपल्याकडे एवढे पक्ष कसे? एक तर आपल्याकडेही बहुतेक मतदारसंघांत खरी झुंज दोघांतच असते. फक्त ते दोघे राज्याराज्यांत वेगळे असतात. तमिळनाडूतली जोडी वेगळी, बंगालमधली वेगळी. महाराष्ट्रातल्या सहा प्रमुख पक्षांना २०२४ मध्ये दोन आघाड्यांत शिरावं लागलं, ते याच नियमाच्या रेट्यामुळं. दुसरं, आपल्याकडे नव्या माणसाला आत यायला दार आहे. लोकसभेला अपक्ष उभं राहायचं तर दहा सूचक आणि २५ हजारांची अनामत लागते, ती अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. डिपॉझिट जप्त होईल, पण नाव यंत्रावर येतं.

अमेरिकेत नाव मतपत्रिकेवर आणणं हीच अर्धी लढाई असते. १८८८ च्या आधी तिथं पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापून मतदारांना वाटत. त्यानंतर एकेका राज्यानं सरकारी मतपत्रिका आणली. मतदान गुप्त झालं, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर मतपत्रिकेवर कोणाचं नाव छापायचं हे ठरवण्याचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांकडे गेला, आणि विधिमंडळांत बसलेले दोन पक्षांचे. ओहायोनं एकेकाळी नव्या पक्षाला अट घातली होती: गेल्या गव्हर्नरच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली, त्यांच्या १५ टक्के सह्या गोळा करून आणा. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, तरी सह्यांचा जाच वेगवेगळ्या रूपांत टिकून राहिला. अध्यक्षपदाच्या अपक्ष उमेदवाराला एकट्या कॅलिफोर्नियात दोन लाखांहून जास्त सह्या आणाव्या लागतात, आणि अशी पन्नास राज्यं, प्रत्येकाची मुदत वेगळी, अर्ज वेगळा.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिनेसोटातलं एक प्रकरण निकाली काढलं. एका छोट्या पक्षाला दुसऱ्या पक्षानं उभा केलेलाच उमेदवार आपलाही म्हणून मतपत्रिकेवर हवा होता. राज्याचा कायदा त्याला मनाई करत होता. न्यायालयानं कायदा उचलून धरला. राजकीय स्थैर्यासाठी राज्यांनी वाजवी नियम केले आणि त्यातून रूढ दोन पक्षांना झुकतं माप मिळालं, तरी ते घटनेत बसतं, असा त्या निकालाचा आशय होता. अध्यक्षपदाच्या वादसभांचंही तसंच. त्या २०२० पर्यंत भरवणारा आयोग १९८७ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून स्थापन केला आणि २००० पासून चाचण्यांत १५ टक्के पाठिंब्याची अट लावली. लोकांनी ओळखावं म्हणून व्यासपीठ हवं, आणि व्यासपीठ मिळण्यासाठी लोकांनी आधीच ओळखलेलं असायला हवं.

समजा, हे सगळं ओलांडून तिसऱ्या उमेदवारानं काही राज्यं जिंकलीच, तर? कोणालाच २७० इलेक्टोरल मतं मिळाली नाहीत, तर बाराव्या घटनादुरुस्तीनुसार निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते. तिथं प्रत्येक राज्याला एक मत. आणि त्या सभागृहात बसलेले कोण? पुन्हा तेच दोघे. म्हणून मला अमेरिकेतल्या तारणहारांचीही भीड वाटत नाही. २०२४ मध्ये रॉबर्ट केनेडी धाकटे अपक्ष उभे राहिले आणि ऑगस्टमध्ये ट्रम्प यांना पाठिंबा देऊन मोकळे झाले. जुलै २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी ‘अमेरिका पार्टी’ची घोषणा केली. पैसा, प्रसिद्धी, चीड, सगळं हाताशी असलं तरी हा नियम त्याला भीक घालत नाही. ‘तिसरा पक्ष काढा’ म्हणणारा वैतागलेला अमेरिकन आणि ‘तिसऱ्याला मत का देत नाही’ विचारणारा आपला मराठी मित्र, दोघांची चूक एकच. दोघांनाही वाटतं, की प्रश्न इच्छाशक्तीचा आहे.

आता मवाळपणाचा मुद्दा. दोन पक्ष असले की दोघे मध्याकडे सरकतात, हे पुस्तकात पटतं. पण त्यासाठी मतदारसंघात चुरस तरी हवी. प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागांपैकी खरी लढत होते ती काही डझन जागांवर. उरलेल्या ठिकाणी नोव्हेंबरचा निकाल आधीच ठरलेला. निर्णय होतो तो त्याआधीच्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत, जिथं मोजकेच आणि बहुधा कट्टर समर्थक मतदान करतात. बेळगावचे श्री ठाणेदार मराठी वाचकाला ‘ही श्रींची इच्छा’ या आत्मचरित्रामुळं ठाऊक आहेत. ते मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघातून अमेरिकी संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, गेले. हा डेट्रॉइटचा भाग, डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला. ऑगस्ट २०२२ च्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर पहिले आले. नोव्हेंबरात त्यांना ७१ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. ठाणेदारांनी नियमाप्रमाणं निवडणूक लढवली आणि जिंकली, त्यांना बोल लावण्याचं कारण नाही. पण प्राथमिक फेरीत दुसऱ्या कोणाला पसंती देणाऱ्या ७२ टक्क्यांना आणि त्या भागातल्या रिपब्लिकन मतदाराला ही निवडणूक काय देऊन गेली? पुढच्या खेपेला कोणत्याही पक्षाच्या अशा प्रतिनिधीला भीती वाटते ती मधल्या मतदाराची नव्हे, स्वतःच्या पक्षातल्या अधिक कडव्या प्रतिस्पर्ध्याची.

उरलेली चुरसही नकाशा आखून संपवता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्ससनं, जनगणनेची वाट न पाहता, रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढाव्यात म्हणून मतदारसंघ नव्यानं आखले. नोव्हेंबरात कॅलिफोर्नियानं तेवढ्याच जागा डेमोक्रॅट्सकडे वळाव्यात असा नकाशा जनमतानं मंजूर केला. दोघांनीही लाज बाळगली नाही. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडायचा असला की रेघ कुठं ओढायची यालाच सगळी किंमत येते.

आणि स्थैर्य? १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, सलग ४३ दिवस अमेरिकेचं केंद्र सरकार अर्थसंकल्पाच्या भांडणात अंशतः बंद होतं. त्याआधीचा विक्रम २०१८-१९ च्या हिवाळ्यातला, ३५ दिवसांचा. एकानं हरावं तेव्हाच दुसऱ्यानं जिंकावं अशी रचना असली की तडजोड म्हणजे शत्रूला रसद पुरवणं ठरतं. तिथं मध्यस्थी करायला तिसरा कोणी शिल्लकच नसतो.

विरोधकांच्या भात्यातला सर्वांत टोकदार बाण मला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगन या राज्यांत पसंतीक्रमाच्या मतदानाचा प्रस्ताव मतदारांसमोर आला. पहिली पसंती, दुसरी पसंती लिहायची. पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याकडे जातं, वाया जात नाही. चारही राज्यांतल्या लोकांनी तो फेटाळला. मिसुरीनं तर अशा पद्धतीवर बंदीच घातली. मग आता बोला! लोकांनाच बदल नको आहे.

बोलतो. लोक रागावले की समोर दिसणाऱ्या माणसावर रागावतात. नियम कोणाला दिसत नाही. इलिनॉयमध्ये १८७० पासून राज्याच्या प्रतिनिधीगृहासाठी एकेका मतदारसंघातून तिघे निवडले जात, आणि मतदार आपली तिन्ही मतं एकालाच देऊ शकत असे. त्यामुळं शिकागोतून रिपब्लिकन आणि रिपब्लिकनांच्या गढीतून डेमोक्रॅटही निवडून येत. १९७८ मध्ये आमदारांनी स्वतःचा पगार ४० टक्क्यांनी वाढवून घेतला. लोक खवळले. १९८० च्या सार्वमतात त्यांनी सभागृहाच्या १७७ जागांवरून ११८ केल्या, आणि त्याच फटक्यात तीन प्रतिनिधींची पद्धतही गेली. आमदारांना धडा शिकवायला निघालेल्या मतदारानं स्वतःच्याच हातातलं हत्यार मोडून टाकलं. सार्वमतात ‘नाही’ पडलं म्हणून आहे ते लोकांना प्रिय आहे, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी इलिनॉय विसरू नये. २०२४ च्या प्रस्तावांत, ओरेगनचा सोडला तर, प्राथमिक निवडणुकीची फेररचना आणि पसंतीक्रम यांची गुंतागुंतीची मोट बांधलेली होती, आणि नेवाडात तर दोन्ही पक्षांचे नेते विरोधात उभे होते. एरवी कशावरच एकमत नसलेले दोघे इथं खांद्याला खांदा लावतात, हे पुरेसं बोलकं आहे.

जिथं लोकांनी ही पद्धत वापरून पाहिली, तिथं चित्र वेगळं आहे. मेन राज्यात २०१० मध्ये पॉल लपेज ३७.६ टक्के मतांवर गव्हर्नर झाले. बाकीची मतं विभागली गेली. त्या अनुभवानंतर २०१६ मध्ये मेनच्या मतदारांनी पसंतीक्रम स्वीकारला. अलास्कात २०२४ मध्ये तो रद्द करण्याचा प्रयत्न झाला आणि हजाराहून कमी मतांनी का होईना, पद्धत टिकली.

तरी पसंतीक्रम म्हणजे रामबाण, असं मी म्हणणार नाही. एकच जागा असेल तर मत वाया जाणं थांबतं, पण तिसऱ्याला जागा मिळेलच असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहात १९१८ पासून पसंतीक्रम आहे आणि सत्ता दोन गटांतच फिरत राहिली. खरी कोंडी फोडायची तर एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडून मतांच्या प्रमाणात जागा द्यायला हव्यात. न्यूझीलंडनं प्रमाणाचं हे तत्त्व वेगळ्या वाटेनं स्वीकारलं. १९७८ आणि १९८१ मध्ये तिथं मजूर पक्षाला जास्त मतं पडली आणि सरकार मात्र नॅशनल पक्षाचं आलं. १९८१ मध्येच सोशल क्रेडिट पक्षाला २०.७ टक्के मतांवर ९२ पैकी फक्त २ जागा मिळाल्या. १९८६ मध्ये शाही आयोगानं मतांच्या प्रमाणात जागा देणारी मिश्र पद्धत सुचवली, १९९३ च्या सार्वमतात ५३.९ टक्क्यांनी ती मंजूर झाली, १९९६ पासून लागू झाली. २०११ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा ५७.८ टक्के लोकांनी तीच राहू द्या म्हणून सांगितलं. तिथल्या लोकांनी नुसता नवा पक्ष काढून वाट पाहिली नाही. मोजणीच बदलून घेतली.

‘सामान्य माणसाला हे क्रम-बिम झेपणार नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राच्या विधान परिषदेकडे पाहावं. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मतदार जांभळ्या स्केचपेननं नावांपुढं १, २, ३ लिहितोच. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेचा फैसला दुसऱ्या पसंतीच्या मतांवर झाला, तेव्हा अख्खा महाराष्ट्र रात्रभर कोटा आणि मतमूल्यांचं गणित मांडत जागा होता. आमदाराला आणि पदवीधराला चालतं ते बाकीच्यांना का चालू नये, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

राहता राहिला आपला पक्षफुटीचा प्रश्न. त्याचा आणि पक्षांच्या संख्येचा काही संबंध नाही. फुटणाऱ्याला पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातल्या पळवाटा पुरतात, आणि अपात्रतेचा निवाडा सत्ताधारी बाकांवरून आलेल्या विधानसभाध्यक्षाकडे असतो. त्या बुजवायच्या सोडून पक्ष दोनच करा म्हणणं, म्हणजे फुटणाऱ्याला जायला एकच पत्ता ठेवणं. शिवाय त्या दोघांत ज्यांचं म्हणणं बसत नाही, अशा ओबीसी, आदिवासी, शेतमजूर, भाषिक अल्पसंख्य या साऱ्यांना आज मिळतो तेवढा कोपराही उरणार नाही.

अमेरिकेत बदलासाठी घटनादुरुस्तीचा डोंगर चढावा लागेल, ही सबब अध्यक्षपदाच्या बाबतीत खरी असेल, काँग्रेसच्या बाबतीत नाही. प्रतिनिधीगृहासाठी एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी, ही सक्ती घटनेत कुठंच लिहिलेली नाही. ती १९६७ च्या एका साध्या कायद्यानं आली. तसाच दुसरा कायदा करून काँग्रेस तो मागं घेऊ शकते, आणि बहुसदस्यीय मतदारसंघांचं विधेयकही तिथं याआधी मांडलं गेलं आहे. तेव्हा ‘तिसऱ्याला मत का देत नाही?’ हा प्रश्न मतदाराला विचारून त्याला गप्प करणं पुरे झालं. ‘१९६७ चा कायदा का बदलत नाही?’ हा प्रश्न त्यानं निवडून दिलेल्या ४३५ जणांना विचारायचा आहे, आणि ज्यांना तो पक्का टिकावा असं वाटतं ते दोन्ही बाकांवर बसलेले आहेत.